जुनी गाडी स्लोवर बंद पडते? इथेनॉलला दोष देण्याआधी एवढे तपासा

गटात फिरताना हल्ली लागणीच्या गप्पांबरोबर एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, तुमचं इथेनॉल पेट्रोलमध्ये आलं अन् आमची जुनी गाडी चौकाचौकात बंद पडायला लागली." कुणाची प्रीमियर पद्मिनी, कुणाची अँबॅसिडर, तर कुणाची कार्ब्युरेटरची जुनी मारुती ८००. इथेनॉल हे आपल्या उसाचेही उत्पादन. तेव्हा या तक्रारीला सरळ उत्तर देणे आपलेच काम आहे. आपला माल म्हणून दोष झाकायचा नाही, आणि चोर सोडून संन्याशाला फाशीही द्यायची नाही.

ऊस पिवळा दिसला की काही जण लगेच युरियाचे पोते फोडतात. पण कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर कमतरता बहुधा लोहाची असते. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची. लक्षण न पाहता टाकलेला युरिया फुकट जातो. गाडीचेही तसेच. निदान आधी, खर्च नंतर.

लक्षण काय सांगते?

पाय एक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाला पेट्रोल मिळते ते कार्ब्युरेटरच्या स्लो जेटमधून. त्याचे छिद्र सुईच्या टोकाएवढे. तिथे कणभर कचरा अडकला तरी गाडी वेगात नीट चालते आणि थांबली की बंद पडते. म्हणून आधी हे पाहा:

१. एक्सिलरेटर दिला की ठीक, सोडला की बंद: स्लो जेटमध्ये कचरा किंवा कुठून तरी फाजील हवा.

२. गरम इंजिन चोक थोडा ओढल्यावर सुधारते: पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा जास्त जाते आहे.

३. काळा धूर आणि पेट्रोलचा वास: पेट्रोल जास्त होते आहे. चोक अडकला असेल, नाहीतर फ्लोटची सुई नीट बसत नसेल.

४. वेगातही मिसिंग मारते: प्लग, पॉइंट, कंडेन्सर किंवा पेट्रोलचा पुरवठा.

५. उन्हात बंद, गार झाली की चालू: पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ धरते, नाहीतर कॉइल तापून करंट सोडते.

स्वस्तातले आधी

सुरुवात एअर फिल्टर आणि प्लगपासून करावी. कापसाच्या हंगामात आणि कच्च्या रस्त्याच्या धुळीत फिल्टर लवकर तुंबतो. प्लग काजळीने काळे झाले असतील तर साफ करावेत. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट पाहावेत. ते जळून खड्डे पडलेले असतील तर बदलावेत. बऱ्याच जुन्या गाड्यांत पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो.

त्यानंतर हवेची गळती. इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचे पाणी थोडे थोडे लावावे. आवाज बदलला की गळती तिथेच. हे काम पेट्रोल टाकून करू नये, आग लागते. जेट हवेने फुंकून साफ करावा. त्यात तार घालू नये, छिद्र मोठे होते आणि नवे दुखणे मागे लागते.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि गाडी चालवून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते मेस्त्रीलाही सांगता येत नाही.

इथेनॉलचा वाटा किती?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली झाला तो आपल्या मनमाडला, मिरजेला आणि उत्तर प्रदेशात बरेलीला. २०२२ च्या जूनमध्ये देशात मिश्रण दहा टक्क्यांवर गेले, आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. त्या साली यावर वादही बराच झाला. जुने पेट्रोलही मिळावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे आता याच पेट्रोलवर गाडी नीट चालवायची आहे.

इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के प्राणवायू असतो. त्यामुळे जुन्या जेटमधून तेवढेच इंधन आले तरी इंजिनाला मिश्रण हलके पडते, आणि ते स्लोवर आधी जाणवते. बऱ्याचदा गरम इंजिनावर मिक्श्चर स्क्रू पाव-अर्धा फेरा जुळवला की काम भागते. हे जाणत्या मेस्त्रीकडूनच करावे.

दुसरे, इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवते. तो फिल्टर आणि जेटमध्ये येऊन बसतो. म्हणून पेट्रोलचा फिल्टर बदलावा आणि टाकी एकदा धुऊन घ्यावी. तिसरे, जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो किंवा चिरतो. पेट्रोलचा वास आला तर थांबू नका, इथेनॉलला चालणारे पाइप टाका. चौथे, इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन् महिने उभी ठेवू नये. शंका आल्यास टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे.

ॲव्हरेजही थोडे कमी होते, हे मान्य केले पाहिजे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या मोटारींसाठी ही घट सहा ते सात टक्के धरली आहे. याहून बरीच जास्त घट असेल तर दोष दुसरीकडे शोधावा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला चिकटलेला नाही ना, एवढे उन्हाळ्याआधी पाहून ठेवावे. अजिंठ्याच्या घाटात गाडी बंद पडली तर बॉनेट उघडून इंजिन गार होऊ द्यावे. पंपावर ओले फडके ठेवले तरी वाफ बसते.

सभासद बंधूंनो, नवा कार्ब्युरेटर घेण्याआधी फिल्टर, प्लग, पॉइंट, गळती आणि जेट याच क्रमाने तपासा. एवढे करूनही पाइप किंवा पडदा इथेनॉलनेच खराब झाला असे दिसले, तर तसे खुशाल सांगा. आम्ही ते ऐकून घेऊ. इथेनॉलवर लोकांचा विश्वास राहिला तरच त्याची मागणी राहील, आणि त्या मागणीत तुमच्या उसाचा भावही गुंतला आहे.