वसतिगृहाच्या दारी आलेला कायदा

पावसाळा सुरू झाला की महाविद्यालयांची वसतिगृहे नव्या मुलामुलींनी गजबजू लागतात. साताऱ्याचा मुलगा खरगपूरला जातो, नागपूरची मुलगी वाराणसीला जाते. घर प्रथमच सुटलेले असते, आणि पोहोचवायला आलेले वडील परत फिरताना रेक्टरांना एवढेच सांगतात, ‘मुलाकडे लक्ष असू द्या.’ हे लक्ष ठेवणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर गेल्या काही दशकांत कायद्याने पार बदलून टाकले आहे.

पूर्वी रेक्टरचे काम रूढीने चाले. हजेरी, खानावळ, दिवाबत्ती आणि शिस्त यांपलीकडे त्याला फारसे काही लिहून दिलेले नसे. नवागतांच्या छळाला, म्हणजेच रॅगिंगला, गंमत मानण्याची प्रथा होती. तक्रार आलीच, तर दोन्ही बाजूंना बोलावून समज द्यावयाची आणि प्रकरण मिटवावयाचे. यात प्रत्येक रेक्टर निर्दय होता असे नव्हे. परंतु सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी होती : ज्याला त्रास होईल तो येऊन सांगेल. ज्यांच्या भीतीने रात्रीची झोप उडाली, त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करणे व्यर्थच होते.

तमिळनाडूने १९९७ साली व महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. महाराष्ट्राच्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास काढून टाकावे व पाच वर्षे अन्यत्र प्रवेश देऊ नये, असेही म्हटले आहे. पण त्यातील खरी नवी गोष्ट निराळीच होती. तक्रार येताच संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत तिची चौकशी केली पाहिजे. त्याने ती टाळली, तर गुन्ह्यास त्याचेच साहाय्य झाले असे समजले जाते. कानाडोळा करणे हाही अपराध ठरला.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिलेल्या निर्देशांचा रोख असा होता, की रॅगिंग प्रथम संस्थेने आतूनच रोखावे. पोलिसांना बोलावणे हा शेवटचा उपाय असावा. हा विश्वास पुरेसा ठरला नाही. न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या आर. के. राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. पुढे मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात वैद्यकीय शाखेचा पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीनंतर मरण पावला आणि सारा देश हळहळला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले आणि राष्ट्रीय मदतवाहिनी सुरू झाली.

या विनियमांनी विद्यार्थी-कल्याणाच्या कामाचे स्वरूपच पालटले. दरवर्षी विद्यार्थी व पालक यांची प्रतिज्ञापत्रे घ्यावयाची. समिती आणि अचानक तपासणी करणारे पथक नेमावयाचे. नवागतांना शक्य तेथे स्वतंत्र इमारतीत ठेवावयाचे. दर सहा नवागतांमागे एक ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून द्यावयाचा. पहिले तीन महिने दर पंधरवड्यास नाव न लिहिता मुलांचे म्हणणे जाणून घ्यावयाचे. गुन्हा दिसताच संस्थाप्रमुखाने चोवीस तासांत पोलिसांत वर्दी द्यावयाची. बोलण्याचा जो भार भेदरलेल्या मुलावर होता, तो आता विचारण्याचा भार म्हणून संस्थेवर आला.

२०१६ साली रॅगिंगची व्याख्याही विस्तारली. जात, धर्म, वर्ण, रूप, आर्थिक स्थिती यांबरोबरच प्रांत आणि भाषा यांवरून केलेला छळही तीत आला. परप्रांतात शिकणाऱ्या मराठी मुलाच्या उच्चारांची रोज टवाळी करून त्याला हैराण करणे, किंवा महाराष्ट्रात आलेल्या ईशान्येकडील मुलीला तिच्या चेहऱ्यावरून छळणे, हे आता थट्टेच्या नावाखाली झाकता येत नाही.

तरीही एक धोका उरतोच. कामाला वर्दीचे आणि अहवालाचे रूप आले, की कागद पुरा करणे म्हणजेच काम पुरे करणे असे वाटू लागते. प्रतिज्ञापत्र न वाचताच भरले जाते, समिती फलकावर झळकते, आणि कोपऱ्यातल्या खोलीतला मुलगा जेवायला का येत नाही हे मात्र कोणी विचारीत नाही. शिवाय अपराधी न सापडल्यास सामुदायिक शिक्षेची तरतूद आहे. ती वापरताना निरपराध मुलगा भरडला जाऊ नये, याचा विवेक कोणत्याही परिपत्रकात मिळत नाही.

पूर्वीच्या दयाळू रेक्टरपाशी जे होते ते आजही हवेच आहे. फरक इतकाच, की पूर्वी चांगला रेक्टर लाभणे हा नशिबाचा भाग होता. आता निदान दखल घेतली जाणे हा विद्यार्थ्याचा हक्क झाला आहे. जेवणाच्या वेळी रिकामे राहिलेले ताट ज्याच्या लक्षात येते, असा माणूस त्या खुर्चीवर बसविणे एवढे काम मात्र कायद्याने संस्थेकडेच सोपविले आहे.