अडत्या नेमका कोणाचा माणूस?

सांगलीच्या मार्केट यार्डात शेतकरी हळदीची पोती ज्याच्या दुकानात उतरवतो, तो अडत्या. सौदा निघतो, व्यापारी बोली लावतात, माल जातो आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी येते. तासगावला बेदाण्याचंही असंच. शेतकरी वर्षातून एक-दोनदा येतो. व्यापारी मात्र अडत्याला रोज भेटतो. म्हणून शेतकऱ्याच्या मनात शंका राहते, की हा माणूस आपला की त्यांचा?

कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या दहाव्या प्रकरणात, कलम १८२ पासून २३८ पर्यंत, मालक आणि त्याचा एजंट (कायद्याच्या मराठीत ‘अभिकर्ता’) यांचं नातं मांडलं आहे. दुसऱ्याच्या वतीने तिऱ्हाइताशी व्यवहार करतो तो एजंट. शेतकऱ्याचा माल शेतकऱ्यासाठी विकणारा अडत्या हा शेतकऱ्याचा एजंट, आणि मालक शेतकरी. दुकानात कोण गादीवर बसलंय आणि कोण बाहेर पोत्यावर, याने त्यात फरक पडत नाही.

अडत व्यापाऱ्याने दिली तर?

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय लागू केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता. पैसे खरेदीदार देणार, मग अडत्या त्याचाच माणूस झाला नाही का? केवळ तेवढ्याने नाही. कलम १८५ म्हणतं की एजंट नेमायला मोबदला लागतच नाही. मोबदलाच आवश्यक नसेल, तर तो कोणाच्या खिशातून आला यावरून नातं कसं ठरणार? काम कोणासाठी चाललंय हे पाहायचं. व्यवहारात मात्र जो पैसे देतो त्याच्याकडे कल झुकतो, हेही खरं. म्हणूनच पुढची कलमं माहीत असलेली बरी.

उधारीवर विकलं आणि व्यापारी बुडाला

शेतकऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. अडत्या म्हणतो, “व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत, मी काय करू?” कायदा त्याला एवढ्यावर सोडत नाही. कलम २११ सांगतं की मालकाने काही सूचना दिली नसेल, तर एजंटाने त्या ठिकाणच्या त्या धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे वागायचं. कायद्यातलंच उदाहरण घ्या. उधारीचा रिवाज नसलेल्या धंद्यात दलालाने उधारीवर माल विकला. घेणाऱ्याची पत तेव्हा उत्तम होती, पण पैसे देण्याआधी त्याचं दिवाळं निघालं. तरीही भरपाई दलालानेच द्यायची.

उधारीची मुभा असली तरी सुटका नाही. घेणाऱ्याच्या पतीची नेहमीची चौकशी न करता माल दिला आणि तो तेव्हाच दिवाळखोर असला, तर कलम २१२ प्रमाणे नुकसान एजंटाच्या अंगावर येतं. रीतसर चौकशी करून, मुभेप्रमाणे दिला आणि नंतर व्यापारी बुडाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा अडत्याने पैशाची हमी घेतली होती का, हा प्रश्न येतो. म्हणून माल उतरवतानाच “रोख की उधार, आणि उधार असेल तर जबाबदार कोण” हे कागदावर घ्यावं. बाजार समितीच्या परवान्याच्या अटी याशिवाय लागू असतातच.

दुसरी जुनी तक्रार म्हणजे अडत्यानेच भावाच्या किंवा मेव्हण्याच्या पेढीच्या नावाने माल घेणं. मालकाला न सांगता, त्याची संमती न घेता एजंट स्वतःच व्यवहारात उतरला आणि त्याने महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली, किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा ठरला, तर मालक तो नाकारू शकतो (कलम २१५). नाकारायचा नसेल, तर त्यातून एजंटाला झालेला फायदा मागू शकतो (कलम २१६). हिशेब मागितला की तो द्यावाच लागतो (कलम २१३).

आता दुसरी बाजू. उचल घेतली असेल, तर अडत्यालाही हक्क आहेत. त्या व्यवहारापोटी दिलेली उचल, योग्य खर्च आणि आपला मोबदला तो विक्रीच्या पैशातून कापून घेऊ शकतो (कलम २१७). आणि माल त्याच्याकडे पोचवून त्यावर पैसे उचलले, अन् त्याच मालाच्या किमतीतून ते फेडून घ्यायचं ठरलं असेल, तर “माझा माल परत द्या, मी दुसरीकडे विकतो” असं एकतर्फी म्हणता येत नाही (कलम २०२). लग्नासाठी घेतलेलं हातउसनं पट्टीतून परस्पर वळतं करता येईल, असं मात्र कलम २१७ म्हणत नाही.

साताऱ्याचा मुखत्यार

हेच प्रकरण कुलमुखत्यारपत्रालाही लागू होतं. जावळी-पाटणच्या कितीतरी घरांत एक भाऊ मुंबईत आणि एक गावी असतो. मुंबईचा भाऊ जमिनीच्या कामांसाठी गावच्या भावाला मुखत्यार करतो. पुढे मुंबईचा भाऊ वारला, की कलम २०१ प्रमाणे ते अधिकार संपतात. कागद नोंदणीकृत असला तरीही.

साताऱ्याच्या इतिहासात याची आठवण करून देणारा माणूस आहे. पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी १८४० ते १८५३ लंडनमध्ये त्यांची बाजू मांडत होते. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले. रंगो बापूजी त्यानंतरही सहा वर्षं वारसांसाठी झगडले. आजच्या कायद्याने पाहिलं तर त्यांना वारसांकडून नवा अधिकार घ्यावा लागला असता. मालक गेल्यावर त्याचे हक्क वारसांकडे जातात, मुखत्यारी जात नाही.

एक अपवाद आहे. मृत्यूची बातमी कळण्याआधी मुखत्याराने केलेलं काम टिकतं (कलम २०८). कळल्यावर मालकाच्या हिताच्या रक्षणापुरती वाजवी काळजी त्याने घ्यायची असते (कलम २०९), विक्री करायची नसते. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर जमीन ‘घेतली’ असेल, तर २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की त्याने मालकी येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. खरेदी मुखत्याराकडून होत असेल, तर मूळ मालक हयात आहे ना, हे दस्ताच्या दिवशी त्याच्याशी बोलून पाहावं.