नाणेघाटातला ग्रुप फोटो

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट फुटते. दोन-तीन तास दमछाक झाली की खिंडीच्या तोंडाशी सातवाहनांचं लेणं लागतं. आत समोरच्या भिंतीवर एका राजघराण्याचे पुतळे कोरलेले होते. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्रीसातकर्णी, पुढे राजकुमार, एक महारठी. प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मीत ज्याचं त्याचं नाव. शाळेच्या ग्रुप फोटोत असतात तशीच, फक्त तिथे खाली आणि इथे वर. पुतळे मात्र गेले. काहींचे पाय तेवढे शिल्लक आहेत. दोन हजार वर्षांच्या या फॅमिली फोटोत नावं आहेत, चेहरे नाहीत.

चेहरे टिपणारं यंत्र मुंबईला पोचलं ते एकोणिसाव्या शतकात. 1839 मध्ये पॅरिसला दागेरची फोटो काढायची कृती जाहीर झाली आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही निघाली. तिच्यात साहेबलोकांच्या मांडीला मांडी लावून डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी बसत. नारायण दाजी तर स्वतः कॅमेरा चालवत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत धंदाच थाटला.

त्याच सुमारास, 1 ऑक्टोबर 1855 ला, कल्याणहून निघालेली आगगाडी वासिंदला पोचली. म्हणजे शहापूर तालुक्याच्या दारात रूळ आले तेव्हा कॅमेराही फार लांब नव्हता. पण त्याची नजर भलतीकडे होती. त्याच वर्षी कॅप्टन बिग्ज सरकारी कामगिरीवर विजापूर-बदामीची देवळं आणि मशिदी टिपत होता. दगड हलत नाही, कुरकुरत नाही, पापणी मिटत नाही.

माणसाचं तसं नव्हतं. ओल्या काचेची रीत तर फारच नाजूक. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. आपण फोटो 'धुवायला' टाकायचो, ते तेव्हा अक्षरशः धुणंच होतं. कलोडियनमधला ईथर उन्हाळ्यात भराभर उडतो. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन ज्यानं सोसलंय, त्याला या कामातली कटकट वेगळी सांगायला नको. शिवाय काचा, बाटल्या, तंबू आणि स्वच्छ पाणी वाहायला गडी हवेत, आणि एवढं करून समोरचा माणूस काही सेकंद पुतळ्यासारखा उभा राहायला हवा.

तरीही माणसं टिपली गेली. मुंबईच्या विल्यम जॉन्सननं 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातली गंमत अशी की माणसं एकीकडे टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा. दोन्ही जोडून एक चित्र केलेलं. पुढे 1868 ते 1875 या काळात सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड छापले. त्यात फोटोखाली बहुधा जातीचं नाव, माणसाचं क्वचितच. नाणेघाटाच्या अगदी उलट. मला यात साहेबाच्या कुतूहलापेक्षा त्याची नोंदवही जास्त दिसते.

आमच्या भागातल्या साध्या माणसानं स्वतःच्या हौसेनं फोटो काढून घ्यायला मात्र जत्राच लागली. पौष पौर्णिमेला म्हसा गावी जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार. तिथल्या पालात फोटोवाला रंगवलेला पडदा टांगून बसे: कमळांचं तळं, महाल, नाहीतर विमान. जॉन्सनची युक्ती, फक्त इथे देखावा गिऱ्हाईक निवडायचं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या पालाबाहेर थांबत आणि आतून सून बाहेर आली की हळूच विचारत, "कसा आला गं?"

आमच्या आजीचा तसा एक फोटो आहे. मागे विमान, अंगावर नऊवारी, डोळे ताणलेले, कारण फोटोवाल्यानं पापणी हलवायची नाही असं दटावलेलं. तिच्या खांद्याला खांदा लावून तिच्याच वयाची आणखी एक बाई उभी आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीनं फक्त 'म्हसा' लिहिलंय. आजी आता नाही, आणि ती दुसरी बाई कोण हे घरात कोणालाच सांगता येत नाही.