दवाखान्याचे दप्तर आणि रोग्याचे गुपित

जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्यासाठी सकाळपासून जी रांग लागते, तिच्यात उभ्या असलेल्या माणसाला खिडकीपलीकडचा कारकून नाव, वय, गाव आणि ‘काय होतंय?’ हे चार प्रश्न मागच्या दहाजणांना ऐकू जातील एवढ्या आवाजात विचारतो, आणि ताप, खोकला किंवा गुडघेदुखी घेऊन आलेल्याला त्यात वावगे असे काही वाटत नाही. परंतु त्याच रांगेत जननेंद्रियावर व्रण उठलेला एखादा तरुण, अंगावरून पांढरे जाण्याने त्रासलेली दोन लेकरांची आई, अथवा पाळी चुकल्यामुळे भेदरून गेलेली मुलगी उभी असेल, तर त्या चौथ्या प्रश्नापाशी जीभ टाळ्याला चिकटते. आणि रांग सोडून ही माणसे ज्या दिशेने निघून जातात, त्या दिशेला बहुधा ‘गुप्तरोगांवर खात्रीचा इलाज’ अशी पाटी लावलेला भोंदू तरी असतो, नाहीतर औषधाच्या दुकानातला, चिठ्ठीवाचून गोळ्या देणारा नोकर तरी असतो.

वास्तविक मलेरिया झाल्याचे कळल्याने ऐकणाऱ्याला मलेरियापलीकडचे काहीच कळत नाही. उपदंश, म्हणजे लोकांच्या बोलीतली गरमी, झाल्याचे कळताच मात्र तो ऐकणारा त्या एका गोष्टीवरून रोग्याची वागणूक, त्याच्या संसाराची स्थिती, पत्नीचे नशीब आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाची शक्यता एवढे सगळे तर्काने रचून मोकळा होतो, आणि यांतले पुष्कळसे तर्क चुकीचे असले तरी ते गावभर फिरतात. शिवाय ही माहिती कधीही एकट्या माणसाची नसते. तिच्यात दुसरी व्यक्ती गृहीतच असते, आणि त्या दुसऱ्या व्यक्तीने आपले नाव कोणाच्या दप्तरात लिहिण्यास संमती दिलेली नसते. म्हणूनच लैंगिक आरोग्याची सेवा देणाऱ्या केंद्राने रोग्याची माहिती कशी घ्यावी, कोठे लिहावी, कोणाला दाखवावी आणि कधी नष्ट करावी, हा प्रश्न मला केवळ कार्यालयीन शिस्तीचा वाटत नाही; तो उपचाराचाच एक भाग आहे असे माझे ठाम मत आहे. परमा, म्हणजे गोनोरिया, झालेल्या पुरुषाला औषध दिले आणि त्याच्या पत्नीला दिले नाही, तर महिनाभरात तो पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो. गर्भवतीच्या रक्तातील उपदंश वेळेवर ओळखला तर पेनिसिलीनच्या साध्या इंजेक्शनाने पोटातले मूल वाचते, न ओळखला तर ते मृत जन्मण्याचाही संभव असतो. या सर्वांसाठी डॉक्टरला खरे उत्तर हवे असते, आणि आपले उत्तर त्या खोलीबाहेर जाणार नाही याची ज्याला खात्री नाही, तो मनुष्य खरे उत्तर देत नाही.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना आचार्य जी बंधने घालतात, त्यांत रोग्याच्या घरातील वृत्तांत बाहेर नेऊ नये हेही एक बंधन आहे. परंतु ब्रिटिश अमदानीत सरकारने प्रथम नेमका उलटा मार्ग धरला. गोऱ्या सैनिकांना गरमी-परम्यापासून वाचविण्यासाठी 1868 साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा झाला आणि मुंबई शहरालाही तो लावण्यात आला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नावे सरकारी नोंदवहीत चढवावयाची, त्यांची ठराविक मुदतीने सक्तीने तपासणी करावयाची आणि रोग आढळल्यास त्यांना रुग्णालयात कोंडून ठेवावयाचे, असा तो प्रकार होता. ज्यांची नावे लिहावयाची त्या स्त्रिया नोंदवहीपासून दूर पळू लागल्या आणि रोग त्यांच्याबरोबर दृष्टीआड झाला. 1888 साली हा कायदा रद्द झाला. पुढे इंग्लंडात गुप्तरोगांविषयी शाही आयोग नेमण्यात आला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद लॉर्ड सिडनहॅम यांच्याकडे होते. 1907 ते 1913 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले हेच ते गृहस्थ, ज्यांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालय चर्चगेटला आजही उभे आहे. आयोगाच्या अहवालानंतर 1916 साली तेथे जे नियम झाले, त्यांनी उपचार विनामूल्य केले आणि रोग्याविषयीची सर्व माहिती गोपनीय मानण्याचे बंधन घातले. सक्तीने जे साधले नाही ते विश्वासाने साधेल, ही समजूत सरकारच्या गळी उतरण्यास एवढा काळ लागला. दुर्दैव असे की, अर्ध्या शतकाच्या अनुभवातून आलेले हे शहाणपण नवा रोग येताच पुन्हा विसरले गेले.

गोव्यातील पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमाने रक्तदान करीत असे. 1989 च्या फेब्रुवारीत पोलीस त्याला घरून म्हापशाला घेऊन गेले. आपल्याला कशासाठी नेत आहेत याची त्याला कल्पना नव्हती. त्याने दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला होता, आणि ज्याचे ते रक्त होते त्याच्या कानी ही गोष्ट जाण्यापूर्वी ती प्रयोगशाळेतून अंमलदारांपर्यंत आणि अंमलदारांकडून पोलिसांपर्यंत पोहोचली होती. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला विलग ठेवण्याची तरतूद होती. तिच्या आधारे त्याला क्षयरोग्यांच्या एका जुन्या आरोग्यधामात 64 दिवस एकटे ठेवण्यात आले. त्याची आई लूसी डिसोझा हिने उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याची सुटका झाली, पण कायद्यातील ती तरतूद मात्र न्यायालयाने वैध ठरविली. सुटून आलेल्या डॉमिनिकची नोकरी गेली, नाव वर्तमानपत्रांत गेले, आणि गावात तोंड लपवावयास जागा उरली नाही. त्याने लपविले नाही, हा त्याचा पराक्रम. 1992 साली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था स्थापन करून तो त्याच वर्षी वारला. या प्रकरणात कोणा एका माणसाची दुष्टबुद्धी शोधू गेल्यास हाती काही लागत नाही, आणि मला अधिक अस्वस्थ करते ते हेच: प्रत्येकाने आपापल्या हुद्द्याला साजेसे काम केले होते, फक्त ती माहिती कोणाच्या मालकीची हा प्रश्न वाटेतल्या एकानेही विचारला नव्हता.

तो प्रश्न पुढे न्यायालयांनी विचारला. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळात रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराला एचआयव्हीच्या कारणावरून काम नाकारण्यात आले, तेव्हा आपले नाव उघड न करता फिर्याद चालविण्याची मुभा त्याला मुंबई उच्च न्यायालयाने दिली. निकालपत्रात तो ‘एमएक्स’ आहे आणि महामंडळ ‘झेडवाय’, आणि 1997 साली निकाल त्याच्या बाजूने लागला. न्याय मागावयास जाणे म्हणजेच बोभाटा करणे, हा पेच त्या दोन अक्षरांनी सोडविला. उलट पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात, रुग्णालयाकडून रक्ताचा अहवाल फुटून ज्याचे ठरलेले लग्न मोडले त्या गृहस्थाला नुकसानभरपाई मिळाली नाही. नियोजित वधूच्या जीविताचा हक्क त्याच्या गोपनीयतेहून वरचढ ठरला. दोन्ही बाजूंना वजन आहे हे मान्य केले पाहिजे, आणि एचआयव्ही-एड्सविषयीचा जो कायदा 2017 साली संमत होऊन 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला, त्याचे मोल मला वाटते ते एवढ्याचसाठी की, त्याने हे वजन करण्याची रीत लिहून दिली.

त्या कायद्यान्वये पूर्ण माहिती देऊन घेतलेल्या संमतीवाचून कोणाची चाचणी करता येत नाही आणि विश्वासाने मिळालेली माहिती लेखी संमतीवाचून दुसऱ्याला देता येत नाही. उपचार करणाऱ्या दुसऱ्या वैद्यकीय व्यक्तीला उपचारापुरती सांगणे, न्यायालयाचा हुकूम, असे मोजके अपवाद ठेवले आहेत. जोडीदाराला सांगण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक, म्हणून तेथे पायरीपायरीने बंधने आहेत: जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असे डॉक्टरला किंवा समुपदेशकाला वाटले पाहिजे, रोग्याने स्वतःच सांगावे म्हणून त्याचे समुपदेशन झालेले असले पाहिजे, तरीही तो सांगणार नाही अशी खात्री पटली पाहिजे, आणि आपण आता सांगणार आहोत हे रोग्याला अगोदर कळविले पाहिजे, त्यानंतरही सांगावयाचे ते समक्ष भेटीत, जोडीदाराला धीर देऊन. यातही ज्या बाईला ही गोष्ट उघड होताच मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तिच्या बाबतीत सांगू नये, अशी स्पष्ट तरतूद आहे. आपल्याकडे पुष्कळ बायकांची तपासणी गरोदरपणी होते, त्यामुळे नवऱ्याकडून आलेला रोग घरात प्रथम तिच्या नावावर नोंदला जातो आणि दोषही तिच्याच पदरात पडतो. हे ज्याने पाहिले आहे त्याला या तरतुदीचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

प्रत्यक्ष केंद्रात हे कसे चालते? शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात येणाऱ्यास एक क्रमांक मिळतो आणि रक्ताच्या नळीवर नावाऐवजी तो क्रमांक चिकटविला जातो. ‘बाधित’ असे ठरविण्यापूर्वी तीन निरनिराळ्या पद्धतींच्या चाचण्या जुळाव्या लागतात. अहवाल समुपदेशक त्याच व्यक्तीच्या हाती, दार लावून, समजावून देतो, आणि बरोबर आलेल्या मेहुण्याला किंवा सासऱ्याला बाहेरच थांबावे लागते. नाव आणि क्रमांक यांची सांगड घालणारी नोंदवही कुलपात राहावयाची असते.

परंतु या विषयातली सर्वांत विचारपूर्वक आखलेली व्यवस्था मला गर्भपाताच्या नियमांत दिसते, आणि सर्वसाधारण वाचकाला तिची माहिती क्वचितच असते. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखालील नियमांप्रमाणे त्या स्त्रीचे नाव रुग्णालयातील एकाच नोंदवहीत, म्हणजे प्रवेशवहीत, लिहावयाचे असते, आणि ती वही गोपनीय दस्तऐवज म्हणून रुग्णालयाच्या प्रमुखाच्या ताब्यात राहते. तेथे तिला अनुक्रमांक व वर्ष मिळून एक खूण मिळते, आणि त्यापुढे केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, पुन्हा तपासणीस येण्याचे कार्ड या कशावरही नाव न घालता तीच खूण लिहावी लागते. संमतिपत्र आणि डॉक्टरांचे अभिप्राय एका लिफाफ्यात घालून तो मोहोरबंद करावयाचा, त्यावर ‘गोपनीय’ असे लिहावयाचे. प्रवेशवही शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षांनी नष्ट करावयाची असते. माहिती जपण्यासाठी घेतली, की ती कायमची साठविण्याची खोड सरकारी दप्तराला असते. येथे मात्र नियमकर्त्यांनी विसरण्याचीही मुदत ठरवून दिली आहे. 2021 सालच्या दुरुस्तीने या स्त्रीची ओळख फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षाही सांगितली आहे. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत बाललैंगिक अत्याचाराच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि त्या धाकाने मुली दवाखान्यातच येईनात; तेव्हा 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने असा खुलासा केला की, मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळविताना तिचे नाव-गाव देण्याची गरज नाही.

कायदा एवढा सज्ज असूनही बातमी फुटते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती कुलपाच्या कपाटातून फारशी फुटत नाही. ती फुटते रोग्याच्या फाइलीवर लाल शाईने केलेल्या खुणेतून, वॉर्डात खाटेशी टांगलेल्या पाटीतून, ओळखीच्या परिचारिकेने कळकळीने त्याच्या आत्याला केलेल्या चौकशीतून. शासनाच्या, लैंगिक रोगांवर उपचार करणाऱ्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांप्रमाणे देण्यासाठी औषधांची सात निरनिराळ्या रंगांची पाकिटे असतात, कामाच्या सोयीसाठी ती उत्तमच, परंतु तीच पाकिटे उघडी हातात देऊन रोग्याला गर्दीतून धाडले, तर त्या रंगांचा अर्थ जाणणारा कोणीतरी बाकावर बसलेला असतोच, आणि साध्या कागदी पिशवीने हे टळण्यासारखे असते. जिव्हाळ्याने केलेली चौकशी थांबविणे आपल्या समाजात कठीण आहे, हे मला कळते. पण ‘बरा आहेस ना?’ हे रोग्याला विचारणे आणि ‘तो तिथे कशाला आला होता’ हे त्याच्या नातेवाइकाला सांगणे, यांतली रेषा सफाई कामगारापासून शल्यचिकित्सकापर्यंत प्रत्येकाला शिकवावी लागेल.

आता नोंदी संगणकात चालल्या आहेत, 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा सर्वसाधारण कायदाही झाला आहे, आणि संकेतशब्द, कोण कोणती नोंद उघडू शकतो याच्या मर्यादा, या गोष्टींची चर्चा होऊ लागली आहे. ती आवश्यकच आहे. तथापि मला भय वाटते ते अधिक साध्या गोष्टीचे. पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा थोरल्या मुलाच्या खिशात असतो. अशा घरात ‘आपण तपासणीस आला नाहीत’ असा केंद्राचा संदेश बाईच्या नावाने जाऊन पडला, म्हणजे क्रमांक, कुलूप आणि मोहोर यांनी जपलेले सारे एका क्षणात बाहेर येते. म्हणून दक्ष समुपदेशक पहिल्याच भेटीत विचारून घेतो की, फोन करावा की नाही, कोणत्या नंबरावर, कोणत्या वेळी, आणि दुसऱ्याने उचलला तर कोठून बोलतो म्हणून सांगावे. या उत्तरासाठी प्रत्येक केंद्राच्या कार्डावर एक रकाना छापावा, तो भरल्यावाचून कोणाचाही फोन नंबर उतरून घेऊ नये, आणि रोग्याने ‘फोन नको’ म्हटल्यास तसे लिहून पुढची तारीख तेवढी त्याला तोंडी सांगावी, असे मला आरोग्य खात्याला आग्रहपूर्वक सुचवावयाचे आहे.