सेवासंस्थांच्या सभा आणि सेवेचे व्याकरण

१

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवासंस्था महाराष्ट्रातील नागरी जीवनाच्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. जिल्ह्याच्या, किंबहुना अनेकदा तालुक्याच्या गावीही त्यांचा एखादा क्लब असतो. त्याचे पदग्रहण समारंभ, नेत्रतपासणी शिबिरे, रक्तदान, वह्यावाटप यांची वृत्ते स्थानिक पत्रांत येत असतात. अशा संस्थांचा विचार समाजशास्त्राने करावा, हे कोणीही मान्य करील. भाषाशास्त्राचा येथे काय संबंध, असा प्रश्न मात्र विचारला जाण्याचा संभव आहे. त्याचे उत्तर असे की, अशी संस्था प्रथम एकत्र जमते, बोलते व ठरविते. त्यानंतर काही करते. आणि शेवटी केलेल्या कार्याचा अहवाल लिहिते. म्हणजे सेवेच्या आधी भाषा असते आणि सेवेच्या नंतरही भाषा असते. या दोन टोकांची भाषा तपासली असता मधल्या सेवेच्या स्वरूपाविषयी काही बोध होतो काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

प्रथम थोडा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने आपल्या तीन व्यावसायिक परिचितांसह पहिली सभा भरविली. सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरत असे. त्या फिरतेपणावरून ‘रोटरी’ हे नाव पडले. आरंभीचा उद्देश परस्परपरिचय व व्यवसायवृद्धी असा होता. शहरात सार्वजनिक शौचालये व्हावीत यासाठी १९०७ साली हाती घेतलेले काम हे या क्लबाचे पहिले लोकोपयोगी कार्य मानले जाते. लायन्सची स्थापना १९१७ साली, तीही शिकागोच्याच मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने झाली. १९२५ साली हेलन केलर यांनी या संस्थेच्या अधिवेशनात अंधांसाठी कार्य करण्याचे आवाहन केले, आणि नेत्रसेवा हे तिचे प्रमुख अंग बनले. हिंदुस्थानात रोटरी प्रथम कलकत्त्यास १९१९-२० साली आली, मुंबईस १९२९ साली व पुण्यास १९३६ साली. लायन्सचा भारतातील आरंभ १९५६ साली मुंबईत झाला.

ज्या वर्षी शिकागोतील ती पहिली सभा भरली, त्याच वर्षी, १२ जून १९०५ रोजी, गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापिला. या दोहोंत परस्परसंबंध काही नव्हता; परंतु तुलना उद्बोधक आहे. गोखल्यांच्या समाजात प्रवेश करणारा मनुष्य प्रतिज्ञाबद्ध होत असे व आपले आयुष्य त्या कार्यास देत असे. रोटरीचा सभासद आपला व्यवसाय सांभाळून, किंबहुना त्या व्यवसायाचा प्रतिनिधी म्हणूनच, क्लबात येतो. एके ठिकाणी ‘सेवक’ ही व्यक्तीची ओळख आहे. दुसऱ्या ठिकाणी ‘सेवा’ हे व्यक्तीच्या अनेक कार्यांपैकी एक कार्य आहे. यांतील एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ असे म्हणावयाचे नाही. महाराष्ट्रात क्लब आले तेव्हा लोकसेवेची एक स्वतंत्र परंपरा व तिची परिभाषा येथे रूढ होती, एवढेच लक्षात ठेवावयाचे आहे.

३

आता सभेकडे वळू. रोटरीच्या सभेचा क्रम ठरलेला असतो. अध्यक्ष घंटा वाजवून सभा सुरू झाल्याचे जाहीर करतात. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना होते. पाहुण्यांचे स्वागत, सचिवांची निवेदने, वक्त्याचा परिचय, व्याख्यान, आभारप्रदर्शन, आणि पुन्हा घंटा. काही सभांत ‘फोर वे टेस्ट’ म्हणजे चतुर्विध कसोटी सामुदायिकरीत्या म्हटली जाते. हर्बर्ट टेलर या अमेरिकन व्यावसायिकाने १९३२ साली आपल्या डबघाईस आलेल्या व्यवसायासाठी ही कसोटी तयार केली व १९४३ साली रोटरीने ती स्वीकारली. आपण जे बोलतो वा करतो ते सत्य आहे काय, सर्व संबंधितांस न्याय्य आहे काय, त्याने सद्भाव व मैत्री वाढेल काय, आणि ते सर्व संबंधितांस हितकर होईल काय, असे तिचे चार प्रश्न आहेत. या कसोटीतील ‘सर्व संबंधित’ हा शब्दप्रयोग पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ सालच्या आपल्या व्याख्यानांत दाखवून दिले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर उच्चारताच एखादी गोष्ट घडवितात. “सभा सुरू झाली असे मी जाहीर करतो”, “ठराव सर्वानुमते संमत झाला” ही त्या जातीची वाक्ये होत. मात्र अशी वाक्ये कोणीही उच्चारून चालत नाही. उच्चारणाऱ्यास तसा अधिकार असावा लागतो. सूचक सभासद असावा लागतो, अनुमोदकही सभासदच असावा लागतो. म्हणजे सभेची चौकट म्हणजे कोणाच्या बोलण्याने काय घडू शकते याची मर्यादा होय. ही चौकट संस्थेस बळ देते. पदाधिकारी दरवर्षी १ जुलैला बदलत असताही क्लब दशकानुदशके चालतात, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या ठरलेल्या वाक्यांस दिले पाहिजे.

या चौकटीतील शब्दसंग्रह मोठा मिश्र आहे. डिस्ट्रिक्ट गव्हर्नर यास मराठीत ‘प्रांतपाल’ हा शब्द रूढ झाला. राज्यकारभारातून प्रांत गेले व राज्ये आली, ‘राज्यपाल’ हा शब्द आला. पण क्लबात प्रांतपाल राहिले. अध्यक्ष, सचिव, पदग्रहण हे शब्द सहज रुळले. उलट ‘सार्जंट अ‍ॅट आर्म्स’ किंवा लायन्समधील ‘टेल ट्विस्टर’ यांस प्रतिशब्द शोधण्याच्या भरीस सहसा कोणी पडले नाही. सभासदाच्या नावामागे ‘रो.’ हे अक्षर लागते. सभासदाच्या पत्नीस ‘अ‍ॅन’ म्हणण्याची पद्धती पडली. ही पद्धती ज्या काळातील आहे त्या काळी स्त्रियांस सभासदत्व नव्हते. जगभरच्या रोटरी क्लबांचे दार स्त्रियांस १९८९ साली उघडले, पण जुन्या व्यवस्थेचा शब्द मागे उरला. संस्थेतील बदल आणि शब्दातील बदल यांची गती एक नसते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

अनेक शहरी क्लबांत सभेचा औपचारिक भाग इंग्रजीत, गप्पा मराठी-इंग्रजी मिश्रणात, आणि शिबिराच्या जागचे बोलणे मराठीत अशी वाटणी आढळते. लहान गावी सारेच मराठीत चालते. फर्ग्युसन यांनी १९५९ साली ‘डायग्लॉसिया’ ही संज्ञा एकाच भाषेच्या दोन रूपांसंबंधी मांडली. पुढे १९६७ साली फिशमन यांनी तिचा विस्तार भिन्न भाषांपर्यंत केला. त्या विस्तृत अर्थाने शहरी क्लबांतील ही वाटणी डायग्लॉसियाजवळ जाते. परंतु केवळ सभा मराठीत घेतल्याने मूळ प्रश्न सुटेल असे समजणे चुकीचे ठरेल. तो प्रश्न भाषेच्या निवडीचा नसून वाक्यातील स्थानाचा आहे.

४

‘सेवा’ हा शब्द संस्कृत ‘सेव्’ धातूपासून आला आहे. जवळ राहणे, आश्रय करणे, तत्परतेने परिचर्या करणे असे त्याचे अर्थ आहेत. मराठीच्या जुन्या वापरात सेवा देवाची, गुरूची, आईबापांची, धन्याची असे. म्हणजे तिची दिशा लहानाकडून मोठ्याकडे होती, आणि ज्याची सेवा करावयाची त्याची इच्छा जाणून घेणे हा तिचा भागच होता. आधुनिक काळात ‘समाजसेवा’ हा समास रूढ झाला व दिशा पालटली: सेवा करणारा संपन्न आणि सेवा घेणारा गरजू. दिशा पालटली त्याबरोबर इच्छा जाणून घेण्याचे बंधनही सैल झाले की काय, अशी शंका येते.

या पालटाचा दुसरा पुरावा ‘लाभार्थी’ हा शब्द. ‘अर्थिन्’ म्हणजे इच्छिणारा, मागणारा. विद्यार्थी विद्या मागतो, शरणार्थी शरण मागतो. त्या न्यायाने लाभार्थी हा लाभ मागणारा असावयास हवा. शासकीय व संस्थात्मक मराठीत मात्र ज्यास लाभ दिला गेला तो लाभार्थी. त्याने तो मागितला होता की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही.

५

अहवालांच्या वाक्यरचनेत हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे दिसते. नमुन्यादाखल तीन वाक्ये रचून पाहू:

(अ) अध्यक्षांनी विद्यार्थिनींना सायकली वाटल्या.
(आ) विद्यार्थिनींना सायकली वाटण्यात आल्या.
(इ) विद्यार्थिनींनी सायकली मागितल्या.

पहिल्या वाक्यात अध्यक्ष तृतीयेत, विद्यार्थिनी चतुर्थीत, आणि क्रियापद सायकलींशी जुळणारे. दुसऱ्यात अध्यक्ष अदृश्य झाले. अहवालास विनम्र, निर्वैयक्तिक रूप आले. पण विद्यार्थिनींचे काय झाले? त्या होत्या तेथेच, चतुर्थीतच, राहिल्या. इंग्रजीत कर्मणि रचना केली असता घेणाऱ्याचे पद उद्देश्याच्या जागी आणता येते. मराठीत ‘देणे’, ‘वाटणे’ या क्रियापदांची कर्मणि रचना कितीही केली तरी घेणाऱ्याची चतुर्थी सुटत नाही. ती सुटावयाची तर क्रियापदच बदलावे लागते: मागितले, निवडले, ठरविले, नाकारले.

या व्याकरणविशेषाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. अहवाल लिहिणाऱ्याने शैली सुधारून घेणाऱ्यास कर्तृत्व देता येत नाही. तसे वाक्य खरे व्हावयाचे तर प्रत्यक्षात काहीतरी निराळे घडलेले असावे लागते. कोणीतरी विचारलेले असावे लागते, आणि कोणीतरी उत्तर दिलेले असावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. मराठीत चतुर्थी ही नेहमी निष्क्रियतेची खूण नसते. ‘आम्हांला ही वेळ सोयीची नाही’, ‘आम्हांला विहिरीपेक्षा रस्ता हवा’ या वाक्यांत चतुर्थीतील व्यक्ती आपला निर्णय सांगत आहे. आक्षेप रास्त आहे. परंतु अशी वाक्ये वृत्तांतांत व अहवालांत विरळाच भेटतात, आणि भेटली तर त्या कार्याची जात वेगळी असल्याचे जाणवते. शिवाय, देणगीदारांस हिशेब द्यावयाचा असल्यामुळे अहवालात वस्तूंची व माणसांची संख्या येणे अपरिहार्य आहे, हेही मान्य केले पाहिजे. दोष संख्येचा नाही. संख्येपलीकडे वाक्यच नसण्याचा आहे.

६

ही चर्चा निव्वळ शाब्दिक नव्हे, हे पोलिओनिर्मूलनाच्या इतिहासावरून दिसून येते. रोटरीने ‘पोलिओप्लस’ ही मोहीम १९८५ साली जाहीर केली. १९८८ साली जागतिक आरोग्य परिषदेने निर्मूलनाचा ठराव केला. भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली. लस होती, पैसा होता, हजारो स्वयंसेवक होते. तरीही उत्तर प्रदेशाच्या काही भागांत पालक मुलांना थेंब देण्यास नकार देत राहिले.

या नकारामागे अफवा होत्या, तशी वाजवी विचारणाही होती: येथे दवाखाना धड नाही, गटारे तुंबलेली आहेत, मुले अतिसाराने आजारी पडतात; मग हे थेंबच पुन्हापुन्हा का? २००१ पासून युनिसेफने त्या त्या वस्तीतीलच स्त्रियांना प्रबोधनाच्या कामास घेतले. बाहेरून आलेला कार्यकर्ता सांगत असे. शेजारीण सांगे व ऐकूनही घेई. रोटरीनेही स्थानिक उलेमांचे साहाय्य मिळविले. पुढे २००९ साली उत्तर प्रदेश व बिहारमधील १०७ गटांसाठी जी योजना आखली गेली, तीत लसीबरोबर स्वच्छता, हात धुणे व अतिसारावरील उपचार यांचाही समावेश झाला. म्हणजे नकार देणाऱ्यांच्या प्रश्नाने कार्यक्रमाचे स्वरूप बदलले. भारतातील पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी हा देश ज्या विभागात येतो तो विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या यशास अनेक कारणे आहेत; परंतु ‘पालकांना थेंब देण्यात आले’ या वाक्याकडून ‘पालकांनी विचारले’ या वाक्याकडे झालेला प्रवास हे त्यांपैकी एक खचित आहे.

महाराष्ट्रास ही दृष्टी नवीन नाही. गाडगे महाराज (निधन १९५६) दिवसा गाव झाडीत व रात्री कीर्तन करीत. ते कीर्तन श्रोत्यांस प्रश्न विचारीत, त्यांच्याच बोलीत व त्यांच्याच उत्तरांवर पुढे सरकत असे. तेथे श्रोता चतुर्थीत बसून राहत नव्हता. प्रत्येक वळणावर त्याला बोलावेच लागे.

७

सेवासंस्थांच्या सभेची चौकट मोडावी असे येथे सुचवावयाचे नाही. त्या चौकटीमुळेच संस्था टिकतात. २०१६ साली रोटरीने साप्ताहिक सभेचा जुना दंडक शिथिल करून महिन्यास किमान दोन सभांची मुभा दिली. म्हणजे चौकट लवचिक असू शकते, हे खुद्द संस्थेनेच दाखविले आहे. मोकळ्या झालेल्या वेळेपैकी एखादी सभा ज्या वस्तीत कार्य करावयाचे त्या वस्तीत, तेथील लोकांना सूचक-अनुमोदक मानून भरविण्यास कोणतीही घटनात्मक अडचण दिसत नाही. ‘सर्व संबंधित’ हे शब्द दर सभेस उच्चारणाऱ्यांस ही सूचना परकी वाटू नये.

आपल्या विभागाच्या दृष्टीने पाहता येथे अभ्यासाचे एक क्षेत्र मोकळे पडलेले आहे. एका गावातील क्लबाची दहा वर्षांची इतिवृत्ते व वृत्तपत्रांतील वृत्ते घेऊन त्यांत घेणाऱ्याचे पद कोणत्या विभक्तीत, कोणत्या क्रियापदासह व किती वेळा येते, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास मोजता येईल. त्याच गावातील ग्रामसभेच्या इतिवृत्तांशी तुलनाही करता येईल. मात्र आरंभ घरापासून करणे बरे. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे महाविद्यालये भरवितात, आणि त्यांचे अहवाल आपलेच विद्यार्थी लिहितात व आपणच तपासतो. त्या अहवालांत ग्रामस्थांनी काय विचारले, काय नाकारले, काय ठरविले, याचे निदान एक वाक्य असावे, असा आग्रह प्राध्यापकांनी धरला, तर ते वाक्य खरे लिहिता यावे यासाठी विद्यार्थ्यांना ग्रामस्थांशी बोलावे लागेल. व्याकरणाचा इतका प्रत्यक्ष उपयोग अन्यत्र क्वचितच आढळेल.