ईमेल सर्व्हरची नाडीपरीक्षा

जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली, तेव्हा शेवटची तार पाठवण्यासाठी नवी दिल्लीतील जनपथावरच्या तारघरात लोकांची रीघ लागली होती. तारघरातील काम तुंबले, की ते डोळ्यांना दिसत असे. खिडकीपुढची रांग लांबे, मेजावर कागदांचा ढीग साचे. ईमेलच्या बाबतीत अशी सोय नाही. पत्रे अडली, तरी ती अडल्याचे बाहेरून कोणालाच दिसत नाही. म्हणूनच मोठ्या संस्थेत ईमेल सर्व्हरचे, म्हणजे पत्रे स्वीकारणाऱ्या, साठवणाऱ्या व पुढे धाडणाऱ्या संगणकाचे कार्य अखंड मोजत राहावे लागते.

या मोजणीचे महत्त्व दिल्लीत सहज पटण्याजोगे आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे मुख्यालय लोदी रोडवर आहे. शासकीय पत्रव्यवहारासाठी याच केंद्राची ईमेल सेवा वापरावी, असे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. पुढे २०२५ पर्यंत बारा लाखांहून अधिक शासकीय टपालपेट्या झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर हलवण्यात आल्या. एवढ्या मोठ्या यंत्रणेत पत्र दोन तास उशिरा पोचले, तर एखाद्या निविदेची मुदत टळू शकते किंवा पुराचा इशारा निरुपयोगी ठरू शकतो.

सर्व्हर चालू आहे की बंद, हा पहिला प्रश्न खरा. परंतु तो पुरेसा नाही. श्वास चालू असणे म्हणजे प्रकृती उत्तम असणे नव्हे. संगणकाच्या प्रक्रियकावरील भार, स्मृतीचा वापर आणि डिस्कवरील मोकळी जागा यांवर देखरेख करावी लागतेच. डिस्क भरली, की सर्व्हर बंद न पडताही नवी पत्रे नाकारू लागतो. तथापि सर्वांत बोलके लक्षण म्हणजे पाठवणीच्या प्रतीक्षेत असलेल्या पत्रांची रांग होय.

रांगेचा स्वभाव आपल्या अपेक्षेपेक्षा निराळा असतो. डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग याने कोपनहेगनच्या दूरध्वनी केंद्रातील अनुभवावरून १९०९ साली या विषयाचा पाया घातला. समजा, एक पत्र हाताळण्यास सर्व्हरला सरासरी एक सेकंद लागतो आणि पत्रे अनियमितपणे येत आहेत. सर्व्हरची निम्मी क्षमता वापरात असेल, तर रांगेतील वेळ धरून प्रत्येक पत्रास सरासरी दोन सेकंद लागतील. वापर ८० टक्के झाला, की पाच. ९० टक्के झाला, की दहा. आणि ९५ टक्क्यांवर वीस सेकंद! भार थोडासाच वाढतो, पण विलंब दुप्पट होतो. सोमवारी सकाळी कार्यालये उघडताच हजारो लोक एकदम टपाल पाहू लागतात, तेव्हा याचा प्रत्यय येतो. म्हणून जाणता व्यवस्थापक ९५ टक्क्यांची वाट न पाहता त्याआधीच धोक्याची मर्यादा आखून ठेवतो.

दुसरी दिशाभूल सरासरीमुळे होते. शंभर पत्रांपैकी ९५ पत्रे दोन सेकंदांत आणि पाच पत्रे एका तासाने पोचली, असे मानू. त्यांची सरासरी सुमारे तीन मिनिटे येते. वास्तविक एकाही पत्राला तीन मिनिटे लागलेली नाहीत. जे पाच जण ताटकळले त्यांचे हाल या आकड्यात बुडून जातात. म्हणून सरासरीबरोबरच सर्वांत मागे राहिलेल्या पत्रांचा विलंब स्वतंत्रपणे नोंदवावा.

याखेरीज एक साधा उपाय आहे. दर पाच मिनिटांनी सर्व्हरमार्फत स्वतःच एक चाचणी-पत्र धाडावे आणि ते टपालपेटीत पडेपर्यंतचा वेळ मोजावा. वापरणाऱ्याला जे भोगावे लागते, त्याचे मोजमाप याहून सरळ मार्गाने क्वचितच होते.

नाकारलेल्या पत्रांकडेही लक्ष हवे. पत्र घेणारा सर्व्हर तीन आकडी संकेताने उत्तर देतो. चारने सुरू होणारा संकेत म्हणजे तात्पुरता नकार, पाचने सुरू होणारा म्हणजे कायमचा. तात्पुरत्या नकारानंतर पाठवणाऱ्या सर्व्हरने साधारणतः निदान अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा आणि चार-पाच दिवस तरी आशा सोडू नये, असा संकेत रूढ आहे. ही चिकाटी स्तुत्य खरी. परंतु तिच्यामुळेच पत्र पोचले नसल्याचे प्रेषकास फार उशिरा कळते. म्हणून तात्पुरत्या नकारांची संख्या एकाएकी वाढली, तर त्याच घडीला चौकशी सुरू झाली पाहिजे.

या देखरेखीसाठी कोणाचे पत्र उघडून वाचण्याची गरज नसते. टपालखात्यातील कारकून लखोटे मोजतो, ते फोडत नाही. तशीच ही मोजणी आहे. मात्र आकडे नोंदवून ठेवणे म्हणजे देखरेख नव्हे. मर्यादा ओलांडली जाताच कोणाला जागे करायचे आणि त्याने प्रथम काय करायचे, हे आधी ठरलेले असेल, तरच मोजलेल्या आकड्याला अर्थ येतो.