रोमच्या कारखान्यातले बाँड

नील कॉनरी हा एडिंबरातला गिलाव्याचं काम करणारा कारागीर. अभिनयाचा अनुभव शून्य. भांडवल एकच: थोरला भाऊ, पडद्यावरचा जेम्स बाँड शॉन कॉनरी. १९६७ साली इटालियन निर्मात्यांनी नीललाच नायक करून ‘ओके कॉनरी’ काढला. शिवाय खऱ्या बाँडपटांतली माणसं गोळा केली. ‘एम’ रंगवणारा बर्नार्ड ली, मनीपेनी झालेली लोइस मॅक्सवेल, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ची नायिका डॅनिएला बियांकी, ‘थंडरबॉल’चा खलनायक अडोल्फो चेली. बाँड तेवढा नव्हता, बाकी सगळा गोतावळा हजर होता.

ही बाँडच्या नकला काढण्याच्या धंद्याची हद्द झाली. सुरुवात ‘डॉ. नो’ (१९६२) आणि विशेषतः ‘गोल्डफिंगर’ (१९६४) यांच्या गल्ल्यातून झाली होती. तोवर हर्क्युलिसचे पिळदार दंड दाखवणारं रोम झपाट्याने गुप्तहेरांकडे वळलं. पैसा इटली, स्पेन, फ्रान्स मिळून घालत, म्हणजे प्रत्येक देशात सिनेमा घरचा ठरे. नायक हॉलिवूडमध्ये मागे पडलेला एखादा अमेरिकन. ‘एजंट ०७७’ झालेला केन क्लार्क त्यातलाच. त्याचा दिग्दर्शक सर्जिओ ग्रिएको पोस्टरवर ‘टेरेन्स हॅथवे’ होई. आवाज मागाहून डब होणार, त्यामुळे सेटवर ज्याने त्याने आपापल्या भाषेत बोलावं. महागडे सेट परवडत नसत. मग इस्तंबूल-बैरुतचे रस्ते कामाला येत.

पेण तालुक्यातल्या हमरापुरात गणपतीच्या एका साच्यातून कितीतरी मूर्ती निघतात, पण गिऱ्हाईक थबकतं ते डोळ्यांची आखणी पाहून. रोमच्या मालातली आखणी म्हणजे संगीत. ‘ओके कॉनरी’सारख्या चित्रपटालाही एन्नियो मोरिकोने आणि ब्रुनो निकोलाई लाभले होते.

हेरपटांचा हा साचा आपल्याकडेही पोचला. फ्रान्सचा ‘ओएसएस ११७’ हा कादंबऱ्यांतला हेर १९४९चा, म्हणजे बाँडहून चार वर्षांनी थोरला. पडद्यावर त्याची चलती झाली ती मात्र बाँडच्या लाटेत. त्याच लाटेवर १९६६ साली तेलुगूत ‘गूढाचारी ११६’ आला आणि पुढच्याच वर्षी हिंदीत त्याचा ‘फर्ज’ झाला. एजंट ११६ होता जितेंद्र, गिरगावातल्या चाळीत वाढलेला. घरचा धंदा सिनेमावाल्यांना खोटे दागिने पुरवण्याचा. त्यातूनच तो व्ही. शांतारामांपर्यंत पोचला होता. बाँड सहसा गाणी म्हणत नाही. आमच्या ११६ला मात्र लक्ष्मीकांत-प्यारेलालनी भरपूर गाणी दिली, आणि ‘फर्ज’ तुफान चालला.

‘फर्ज’चा दिग्दर्शक रविकांत नगाइच मुळात छायालेखक, ट्रिक फोटोग्राफीत मुरलेला. एन. टी. रामाराव यांच्या ‘सीताराम कल्याणम्’चं (१९६१) छायालेखन त्याचंच. पौराणिक चमत्कार कॅमेऱ्यात उभे करणाऱ्याला बाँडची यंत्रं काय जड जाणार?

दशक सरता सरता रोमने हे दुकान आवरलं; तिथले घोडे वेस्टर्नपटांत केव्हाच दौडू लागले होते. नगाइचने मात्र १९७९ साली मिथुन चक्रवर्तीला ‘गनमास्टर जी-९’ करून ‘सुरक्षा’ काढला, बप्पी लाहिरींच्या डिस्को तालावर. १९८१च्या ‘वारदात’मध्ये तर जी-९ची गाठ थेट टोळधाडीशी पडली. तोवर मूळ बाँडचं त्यात उरलं होतं काय, तर पिस्तूल आणि नंबर.